घरची विहीर आणि फुकटचा विश्वास

स्वतःची विहीर असलेल्या माणसाला ‘पाणी तपासून घेतलंय का?’ असं विचारून पाहा. तो दुखावतो. नळाच्या पाण्याबद्दल, टँकरबद्दल, बाटलीबंद पाण्याबद्दल तो तासभर शंका काढील. पण आपल्या विहिरीबद्दलचा प्रश्न त्याला थेट घराण्याच्या अब्रूवर आल्यासारखा वाटतो. उत्तरंही ठरलेली असतात. आजोबा-पणजोबा हेच पाणी पिऊन नव्वदीला पोचले. जमिनीतून गाळून येतं, त्यात क्लोरीन नाही की काही नाही. एकदा चव तर बघा! आणि अलीकडे यात एका वाक्याची भर पडली आहे : मीटर लावून बघितलंय, टीडीएस फक्त एकशे वीस.

ही उत्तरं पूर्वी गावातच ऐकू यायची. आता ती कोकणात पाच-दहा गुंठे घेऊन घर बांधणाऱ्या, पुण्या-नाशकाच्या वेशीबाहेर बंगला असणाऱ्या, गोव्यात जुनं घर विकत घेऊन डागडुजी करणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी असतात. गावकऱ्याच्या बोलण्यात सवयीचा भाग होता. यांच्या बोलण्यात तत्त्वज्ञान असतं. नैसर्गिक ते शुद्ध, सरकारी ते भ्रष्ट, असा सगळा साधा हिशेब. ‘बारमाही गोड्या पाण्याची विहीर’ हे शब्द प्लॉटच्या जाहिरातीत समुद्राच्या अंतराइतक्याच ठळक टायपात छापले जातात, आणि त्या पाण्याचा अहवाल मागणारं गिऱ्हाईक विरळाच.

माझा विहिरीला विरोध नाही. परसात पाणी असणं हे सुख आहे, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला ते सांगायला नको. पण ज्यानं नळ सोडून विहीर धरली त्यानं पाणीपुरवठा खात्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. नळाच्या पाण्यात गडबड झाली तर मोर्चा न्यायला एक कचेरी असते. घरच्या विहिरीचा अभियंता, रसायनतज्ज्ञ आणि आरोग्य निरीक्षक हे तिन्ही आपणच असतो, आणि बहुतेक घरांत ही तिन्ही पदं रिकामी आहेत.

आजोबांपासून सुरुवात करू, कारण तोच मुद्दा सगळ्यांत जोरात येतो. नव्वदीला पोचलेले आजोबा आपल्या लक्षात असतात. त्यांची पाच वर्षांच्या आत गेलेली भावंडं कोणी मोजत नाही. कुठल्याही जुन्या घरातली वंशावळ काढा, ‘बालपणी वारले’ अशी नोंद असलेल्या फांद्या त्यात सापडतात. त्या सगळ्यांना विहिरीनं मारलं असं मी म्हणत नाही. पण पटकी, हगवण, विषमज्वर यांचा रस्ता पाण्यातून जात होता, आणि गावाला पाणी विहिरीतून मिळत होतं.

नारूचं तर नावच आता विसरलं गेलंय. बारवेत किंवा पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत. ज्याच्या पायाला नारू झालेला असेल त्याचा पाय पाण्यात बुडाला की जखमेतून जंताची मादी हजारो अळ्या सोडी. पाण्यातले बारीक किडे त्या अळ्या गिळत, आणि ते किडे पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जात. वर्षभरानं पायातून फूट-दोन फूट, कधी त्याहूनही लांब जंत बाहेर येऊ लागे, आणि तो तुटू नये म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसावं लागे. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, कठडे बांधले, पाण्यात औषध टाकलं, लोकांना कापडानं पाणी गाळायला शिकवलं. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. नारूग्रस्त राज्यांच्या यादीत महाराष्ट्रही होता. बारवांच्या वारशावर भरभरून लिहिणाऱ्या मंडळींनी त्या स्थापत्याबद्दल जरूर लिहावं. मीही आवडीनं वाचतो. पण ‘तेव्हाचं पाणी कसं अमृत होतं’ हे वाक्य लिहिताना काडीवर गुंडाळलेला तो जंतही डोळ्यांपुढे आणावा.

बरं, आजोबांचं पाणी खरंच चांगलं होतं असं क्षणभर धरू. ते पाणी आज त्या विहिरीत आहे का? विहीर तीच, बांधकाम तेच. भोवतालची जमीन मात्र बदलली. आजोबांच्या काळात शेतात शेणखत जात होतं, युरियाची गोणी आली नव्हती. घराला संडास नव्हता, लोक रानात जात. आता घरोघरी संडास झाले, हे उत्तमच झालं. पण त्यांतलं पाणी कुठे जातं? गावात आणि नव्या प्लॉटिंगमध्ये गटार नसतं. सेप्टिक टँक आणि पुढे शोषखड्डा. म्हणजे जमिनीतच.

विहीर आणि शोषखड्डा यांत निदान पंधरा मीटर अंतर असावं असं सार्वजनिक आरोग्याची पुस्तकं सांगतात. आता पाच गुंठ्यांचा चौरस प्लॉट घ्या. त्याची एक बाजू साधारण साडेबावीस मीटर भरते. तुम्ही शहाणे आहात, विहीर एका कोपऱ्यात आणि खड्डा समोरच्या कोपऱ्यात घेतलात. पण तुमच्या विहिरीच्या कोपऱ्याला लागून कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा कोपरा आहे, आणि त्यानंही तुमच्याइतक्याच शहाणपणानं आपला खड्डा आपल्या विहिरीपासून लांब, म्हणजे नेमका तिथे घेतला आहे. दोन गुंठ्यांच्या प्लॉटची बाजू तर चौदा मीटरच. तिथे हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. एन.ए. प्लॉटचे रंगीत नकाशे मी पाहिले आहेत. त्यांत रस्ता, बाग, मंदिर, क्लबहाउस सगळं दाखवलेलं असतं. कुणाचा शोषखड्डा कुणाच्या विहिरीजवळ येणार हे त्या नकाशावर नसतं.

यावर उत्तर येतं : माती गाळते ना! हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. वाळूचा, बारीक मातीचा जाड थर पाणी गाळतो, यात वाद नाही. गंगेच्या मैदानात असे थर शेकडो मीटर आहेत. पण महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. भेगेतून पाणी गाळलं जात नाही, ते वाहतं. कोकणात आणि गोव्यात जांभा. जांभ्याला आरपार पोकळ्या असतात. चिरा हातात घेतला तरी दिसतात. पहिला मोठा पाऊस झाला की विहिरीचं पाणी भराभर वर येतं, आणि त्याचं आपल्याला केवढं कौतुक असतं! ज्या वाटेनं पाऊस इतक्या घाईनं विहिरीत पोचतो, त्याच वाटेनं गोठ्याचं, उकिरड्याचं आणि शेजाऱ्याच्या खड्ड्याचं पाणीही पोचतं. वर्षभरात विहीर सर्वांत भरलेली आणि सर्वांत देखणी दिसते ते दिवस, आणि तिचं पाणी सर्वांत संशयास्पद असतं ते दिवस, हे बहुधा एकच असतात.

बोअरवाल्यांची ऐट वेगळी. तीनशे फुटांवरचं पाणी आहे, तिथे कसली आलीय घाण? पण बोअर तीनशे फूट असला तरी केसिंगचा पाइप कठीण खडक लागेपर्यंतच घातलेला असतो. खाली सगळं उघडं. केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटनं भरून घेणं हे खर्चाचं आणि वेळेचं काम, म्हणून ते बहुतेक टाळलं जातं. मग वरचं पाणी केसिंगच्या अंगाअंगानं खाली उतरतं आणि तीनशे फुटांच्या पाण्याला मिळतं. शिवाय खोलीचा स्वतःचा एक धोका आहे. पाणी खडकात जितकं जास्त काळ राहील तितकं त्या खडकातलं त्याच्यात उतरतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे ते कुणी आणून टाकलेलं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या लोकांना सांगायला नको. निसर्गाचं आहे म्हणून निर्धोक, हे त्या लोकांना जाऊन सांगून पाहावं.

मग राहते चव. चवीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटची गोष्ट सांगतो. १८५४ मध्ये तिथे पटकीनं शेकडो माणसं गेली आणि जॉन स्नो या डॉक्टरनं ती एका पंपाच्या पाण्यामुळे गेली असं दाखवलं. गोष्टीचा एवढा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. पण स्नोला सर्वांत मोठा पुरावा मिळाला तो त्या वस्तीपासून लांब, हॅम्पस्टेडमध्ये. तिथे राहणारी एक विधवा बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहिलेली होती. त्या पंपाच्या पाण्याची चव तिला इतकी आवडायची की ती रोज तिथून बाटली भरून मागवी. तिच्या आसपास पटकीचा रुग्ण नव्हता. ती मात्र गेली, आणि तेच पाणी प्यालेली तिची भाचीही गेली. पुढे विहीर उकरल्यावर दिसलं की शेजारच्या घराचा मैलाखड्डा तिच्यापासून तीन फुटांच्या आत होता. तेव्हा पाणी चवदार होतं याबद्दल दुमत नाही.

नायट्रेटला चव नाही, रंग नाही, वास नाही. मलातल्या जिवाणूंनाही नाही. ज्या गोष्टी जिभेला कळतात, म्हणजे मचूळपणा, खारटपणा, लोहाचा कस, त्या बहुतेक पाणी नकोसं करणाऱ्या. घातक गोष्टी जिभेला कळत नाहीत. ‘विहिरीत मासे आहेत, कासव आहे’ हाही असाच एक पुरावा दिला जातो. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून हिवताप विभाग ते विहिरींत सोडतो. ते जगले याचा अर्थ पाण्यात त्यांना पुरेल इतका प्राणवायू आहे, एवढाच. आणि कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हा जिवाणू सुखानं राहतो, हे कासवाला विहिरीचा रखवालदार समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आता त्या मीटरकडे येऊ. आजच्या अंधश्रद्धेचं ते सर्वांत चकचकीत रूप आहे, आणि आजोबांचा दाखला देणाऱ्यापेक्षा मीटरचा आकडा सांगणाऱ्याशी वाद घालणं अवघड, कारण त्याला वाटतं आपण विज्ञान बोलतोय. पेनाएवढं ते यंत्र पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज अंदाजे सांगतं. बेरीज कशाची, ते सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि त्यात सवलत नाही. एकशे वीस टीडीएसमध्ये ४५ काय, ६० मिलिग्रॅम नायट्रेटही आरामात मावेल आणि मीटर आपला हसरा आकडा दाखवत राहील. फ्लोराइडची वरची हद्द दीड मिलिग्रॅम; ते तीन झालं तरी मीटरवर फरक दिसणार नाही. जिवाणूंचं तर सोडाच, ते क्षार नव्हेत. दहा लिटरच्या बादलीत दोन चमचे सांडपाणी ओता. त्या सांडपाण्याचा टीडीएस हजार धरला तरी बादलीचा आकडा फार तर एकानं वाढेल. एकशे वीसचे एकशे एकवीस. प्या मग.

उलट बाजूही तितकीच खोटी. टीडीएस ६०० आला म्हणून घाबरून आरओ बसवणारे आहेत. मानक म्हणतं ५०० पर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. सहाशेचं पाणी जड असेल, डाळ शिजायला वेळ लागेल, किटलीत पांढरा थर बसेल. तेवढ्यानं ते विष ठरत नाही. पण यंत्र विकायला आलेला माणूस त्यापुढचा खेळ करतो. दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात विहिरीचं, एकात आरओचं, आणि दोन्हीत विजेच्या कांड्या बुडवतो. मिनिटभरात विहिरीचं पाणी तपकिरी, गढूळ, किळसवाणं होतं. घरातली बाई ‘अगं बाई’ म्हणते आणि चेकबुक बाहेर येतं. ती घाण पाण्यातली नसते. कांडीचं लोखंड विजेनं झिजून पाण्यात उतरलेलं असतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज नीट जात नाही, म्हणून तो पेला स्वच्छ राहतो. ही निव्वळ फसवणूक आहे, आणि ‘तपासणी हा भीती दाखवून पैसे काढायचा धंदा आहे’ असं जे म्हणतात त्यांचा राग इथे मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्यांनी ही जादू आणि प्रयोगशाळेतली तपासणी एकाच पारड्यात टाकू नये. आरओनं नायट्रेट आणि फ्लोराइड कमी होतं, हे खरं. म्हणून अहवालात ते निघालं तर यंत्र घ्यावं. आधी यंत्र आणि मग कारण शोधायचं, हा उलटा क्रम आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पाचशेहून कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, ते पाण्याची नासाडी पाहूनच.

नायट्रेटचा मी इतका पाठपुरावा का करतो? कारण आपल्याकडे ते आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशभरच्या नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या भागात नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त. सर्वांत वाईट पंधरा जिल्ह्यांत आपले सात : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. शेतातलं जास्तीचं खत, गोठे आणि शोषखड्डे यांचं हे देणं. मोठ्या माणसाला ते लगेच जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला जाणवतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्याच्या कामातून बाद करतं, आणि बाळ निळं पडू लागतं. हे प्रथम नीट ओळखलं ते १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात, हंटर कॉमली या डॉक्टरनं, आणि पाणी होतं शेतावरच्या खाजगी विहिरींचं. तिथल्या आया निष्काळजी नव्हत्या. पावडरच्या दुधासाठी पाणी उकळून घ्यायचं हा त्या काळचा शिरस्ताच होता, आणि उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते दाट होतं.

उकळणं, तांब्याचा हंडा, तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), या सगळ्यांचं असंच आहे. प्रत्येकाचं एक काम आहे आणि त्यापलीकडे ते निरुपयोगी आहे. उकळल्यानं जिवाणू मरतात. तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मेले, असं बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. आजीच्या हंड्याला हा मान द्यावाच, मात्र सकाळी भरून दुपारी प्यायचं असेल तर नाही. तुरटी गाळ बसवते. टीसीएल जिवाणू मारतं, पण हिशेबानं टाकलं तर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते अठ्ठावीस हजार लिटर भरतं, म्हणजे सत्तर ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, पोहऱ्यानं ढवळायचं, आणि तासभर उपसा करायचा नाही. उघड्या पिशवीत दोन वर्षं पडलेली, वास गेलेली पावडर कठड्यावरून मूठभर भिरकावणं हा नुसता विधी झाला. आणि ज्यांना क्लोरीन म्हणजे ‘केमिकल’ वाटतं त्यांनी युरिया कशाला म्हणतात तेही सांगावं. तो त्यांच्या विहिरीत न सांगता येतो.

बागेबद्दल दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, झाडांना काय, कसलंही पाणी चालतं. दुसरा पिण्याचं आरओ बसवतो आणि त्यातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालतो. ते पाणी म्हणजे विहिरीतल्या क्षारांचा अर्क. मूळ पाणी हलकं असेल तर खपून जातं. हजार-बाराशे टीडीएसच्या बोअरचं असेल तर काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात, पानांच्या कडा करपतात आणि मोगरा रुसतो. कपडे-आंघोळीसाठी मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवला असेल तर त्याचं पाणी बागेला मुळीच नको. तो पाण्यातलं कॅल्शियम काढून बदल्यात सोडियम घालतो, आणि सोडियमनं काळी माती चिकट होऊन पाणी मुरेनासं होतं. बागेची तोटी सॉफ्टनरच्या अलीकडूनच काढावी. प्लंबर हे आपणहून सांगत नाही.

आणि जे बाळाला घातक तेच झाडाला अन्न, ही गंमत इथे आहे. लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं हजार लिटर पाणी बागेला दिलंत तर त्यातून सुमारे बावीस ग्रॅम नत्र जातं, म्हणजे जवळजवळ पन्नास ग्रॅम युरियाइतकं. अशा विहिरीचा मालक वर पुन्हा खताची पिशवी आणतो, पालेभाजी तरारली म्हणून खूश होतो, आणि जास्तीचं नत्र परत त्याच विहिरीत उतरतं. अहवाल हातात असता तर खताचा खर्च तरी वाचला असता! जिवाणूंचं तसं नाही. माडा-पोफळीच्या आळ्यात दूषित पाणी गेलं तरी बिघडत नाही. पण कोथिंबीर, मुळा, काकडी यांवर तेच पाणी झारीनं वरून शिंपडायचं आणि कच्चं खायचं, तर ते प्याल्यातच जमा. तेव्हा ‘पिण्याला वेगळं, बागेला वेगळं’ ही वाटणी अहवाल पाहूनच करता येते.

तपासणी कुठे, असं विचारणाऱ्यांना आता सबब उरलेली नाही. जिल्ह्याच्या आणि काही तालुक्यांच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशननं २०२१ मध्ये अशा प्रयोगशाळा सामान्य माणसालाही नाममात्र शुल्कात खुल्या करण्याचं धोरण आखलं. सरकारी स्रोतांसाठी जो नेम आहे तोच आपणही पाळावा : रसायनांची तपासणी वर्षातून एकदा, जिवाणूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. मी तर एखादी भर पावसात, पाणी सर्वांत चढलेलं असताना करावी असं म्हणेन. नमुना घेण्यात मात्र लोक हमखास घोळ घालतात. जिवाणूंच्या तपासणीला प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची. रसायनांसाठी उलट, बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरायची. विकतच्या पाण्याची रिकामी बाटली भरून चार दिवस गाडीच्या डिकीत ठेवली आणि मग नेऊन दिली, तर अहवाल त्या डिकीचा येईल.

घरच्या घरी चाचपणी करायची तर काळी होणारी बाटली आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. रसायन घातलेल्या त्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मलातल्या जिवाणूंचा दाट संशय. खेडोपाडी ती वापरली जाते. बंगलेवाल्यांना तिचं नावही ठाऊक नसतं, कारण तिला डिजिटल आकडा नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारनं करावं. सरकार खाजगी विहिरीत डोकावत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी मालकाचं, ही समजूत मुरलेली आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं साठ मीटरहून खोल विहिरींना बंधनं घातली, नोंदणी आणली. पण तुमच्या माठात काय जातं ते विचारायला कुणी येत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि तिथल्याच नांदेड गावातल्या, त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या विहिरीवर सगळ्यांची नजर गेली. ती विहीर सार्वजनिक होती म्हणून तिथे कॅमेरे गेले, मंत्री गेले, नमुने घेतले गेले. एखाद्या कुंपणाच्या आतल्या विहिरीनं चार माणसं आजारी पाडली तर घरचे म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल.

आणि हे नेहमी घरच्यांपुरतंच राहतं असंही नाही. शनिवार-रविवारच्या घरांत एक प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. ‘आमच्या विहिरीचं पाणी अमृत’ म्हणणारा मालक येताना गाडीतून वीस लिटरचे दोन जार घेऊन येतो. मुलांच्या पोटाला उगाच त्रास नको म्हणून. विहीर असते पोहायच्या टाकीला, बागेला आणि पाहुण्यांना दाखवायला. ते पाणी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पितं राखणदाराचं कुटुंब, मागच्या दोन खोल्यांत राहणारं. त्यांच्याकडे तान्हं मूल असलं तर त्याचं दूधही त्याच पाण्यात कालवलं जातं. ते तपासणी मागणार नाहीत. नोकरी मालकाची, विहीर मालकाची. पुढच्या शनिवारी निघताना जारांसोबत प्रयोगशाळेची एक निर्जंतुक बाटलीही गाडीत ठेवा, आणि अहवालाची एक प्रत मागच्या दारीही द्या.